तबकडीत न मावलेलं संगीत

ओहायो नदीकाठचं लुईव्हिल आणि मिसिसिपीकाठचं मेम्फिस. अमेरिकेतल्या या दोन शहरांत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कृष्णवर्णीय वादकांचे छोटे ताफे रस्त्याच्या कडेला, नदीतल्या बोटींवर, घोड्यांच्या शर्यतींच्या गर्दीत आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांत वाजवत असत. गिटार, बँजो, फिडल, मँडोलिन ही तंतुवाद्यं. जोडीला माउथ ऑर्गन किंवा गुणगुणून वाजवायचा कझू. ठेक्याला कपडे घासायची पन्हळी पत्र्याची फळी. आणि खर्जाला व्हिस्कीचा रिकामा बुधला. (बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकांतल्या बेंजो पार्टीतलं बटणांचं वाद्य नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी अमेरिकेत घडवलेलं ते कातड्याने मढवलेलं तंतुवाद्य आहे.) बुधल्यात नुसती फुंकर घालून भागत नाही. त्याच्या तोंडापासून थोड्या अंतरावर ओठ धरून ते फुरफुरवायचे असतात. ओठ ताणले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो, आणि बुधल्याची पोकळी त्याला घुमारा देते. घटमासारखं ते तालवाद्य नाही. गाण्याचा खालचा सूर त्याला सांभाळायचा असतो, आणि तो सांभाळायला कान लागतो. अशा बुधल्याला इंग्रजीत ‘जग’ म्हणतात, त्यावरूनच या ताफ्यांना जग बँड म्हणतात.

त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा काळ फार तोकडा आहे. सप्टेंबर 1924 मध्ये गायिका सारा मार्टिन यांच्याबरोबर लुईव्हिलच्या वादकांनी न्यूयॉर्कमध्ये पहिल्या तबकड्या केल्या. फेब्रुवारी 1927 मध्ये विल शेड यांचा मेम्फिस जग बँड व्हिक्टर कंपनीसाठी वाजवू लागला. जानेवारी 1928 मध्ये गस कॅनन यांचे जग स्टॉम्पर्स आले. मग मंदी आली. 1927 साली अमेरिकेत सुमारे दहा कोटी तबकड्या खपत होत्या, 1932 साली साठ लाखांच्या आसपास. 1934 मध्ये मेम्फिस जग बँडने शिकागोत शेवटचं मोठं ध्वनिमुद्रण केलं आणि कंपन्यांच्या दृष्टीने हा प्रकार संपला. पुढे दोनदा तो उचलला गेला: 1963 च्या सुमारास बोस्टन, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या, बहुतेक गोऱ्या, तरुणांनी, आणि 2005 नंतर कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्ससारख्या कृष्णवर्णीय वादकांच्या ताफ्याने. या उचलण्यावर वाद आहे, आणि तो व्हायला हवा. पुढचा संवाद कल्पिलेला आहे. त्यातला संग्राहक जुन्या तबकड्यांवर जीव लावणारा आहे. त्याची बाजू इथे खोडायला सोपी म्हणून मांडलेली नाही. तिच्यात खरं पुष्कळ आहे.

संग्राहक : माझं म्हणणं सरळ आहे. हे संगीत हरवलेलं नाही. कॅनन यांच्या ताफ्यातल्या नोआ लुईस यांचा माउथ ऑर्गन 1928 साली जसा वाजला तसा तो आजही ऐकता येतो. त्या तबकडीवर खरखर आहे, पण खरखरीच्या मागे प्रत्यक्ष तो माणूस आहे, त्याचा श्वास आहे. हॅरी स्मिथ यांनी 1952 मध्ये फोकवेज कंपनीसाठी जुन्या तबकड्या निवडून जो मोठा संग्रह काढला, त्यात कॅनन आणि शेड यांचे ताफे होते. स्मिथ यांनी कोणाकडून ती गाणी पुन्हा वाजवून घेतली नाहीत, मूळ आवाजच लोकांपुढे ठेवला. तेवढं पुरे होतं. आजचा एखादा ताफा तीच गाणी स्वच्छ आवाजात वाजवतो तेव्हा ऐकणाऱ्याला ती जास्त सोयीची वाटतात, तो तिथेच थांबतो, आणि मूळ तबकडीपर्यंत कधी पोचतच नाही. तुम्ही ज्याला पुनरुज्जीवन म्हणता, ते मुळाच्या आड येऊन उभं राहतं. भित्तिचित्र जीर्ण झालं म्हणून त्यावर नवा रंग चढवणाऱ्यांना आपण शाबासकी देत नाही. मग इथे ती का द्यायची?

लेखक : भित्तिचित्र हीच मूळ कृती असते, चित्रकाराने रंगवलेलं तेच. तबकडी तशी नाही. तबकडी म्हणजे या वादकांच्या कामाचा एक तुकडा आहे, आणि तो कुठून कापायचा हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते ठरवणारा माणूस म्हणजे व्हिक्टरसाठी ही ध्वनिमुद्रणं करवून घेणारे राल्फ पीअर. व्हिक्टरशी त्यांचा जो व्यवहार होता त्यात ध्वनिमुद्रित गाण्यांचे प्रकाशनहक्क त्यांच्या हाती येत. साहजिकच त्यांना हवी होती नवी, कोणाच्या नावावर न नोंदलेली गाणी. त्या वेळची लोकप्रिय, दुसऱ्या प्रकाशकाच्या मालकीची गाणी त्यांच्या उपयोगाची नव्हती. शिवाय कंपन्यांनी बाजार दोन कप्प्यांत वाटला होता. कृष्णवर्णीयांना विकायच्या मालिकेत ब्लूज, आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांना विकायच्या मालिकेत फिडल आणि डोंगरी गाणी. कृष्णवर्णीय फिडलवादक त्या काळी दक्षिणेत गावोगाव होते, पण या वाटणीत त्यांना जागाच नव्हती. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचे हॉवर्ड आर्मस्ट्राँग आणि कार्ल मार्टिन यांच्या ताफ्याने 1930 मध्ये केलेली एक तबकडी कंपनीने कृष्णवर्णीयांच्या मालिकेत ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ या नावाने काढली आणि तेच वादन गोऱ्यांच्या मालिकेत ‘टेनेसी ट्रिओ’ या नावाने. वाजवणारे तेच, सूर तेच. नाव बदललं की गिऱ्हाईक बदलत होतं. ज्या दस्तऐवजाला तुम्ही मूळ म्हणता, त्याच्या कपाळावरच अशी लबाडीची चिठ्ठी चिकटवलेली आहे. हेच आर्मस्ट्राँग पुढे शिकागोत गेले तेव्हा इटालियन, पोलिश, जर्मन वस्त्यांतून त्या त्या भाषांतली गाणी वाजवून पोट भरत. मेम्फिस जग बँड शहराचे बडे राजकारणी ई. एच. क्रम्प यांच्या मेजवान्यांत वाजवत असे. तिथे बसलेल्या गोऱ्या पाहुण्यांना रात्रभर ब्लूज कोणी ऐकवत बसलं असेल असं वाटत नाही. 1931 मध्ये लुईव्हिलमध्ये गोऱ्यांचा लाडका गायक जिमी रॉजर्स एका कृष्णवर्णीय जग बँडला साथीला घेऊन गायला. हे सगळं एकत्र ठेवलं की दिसतं ते असं: या वादकांचा धंदा होता मागणी येईल ते वाजवण्याचा. रॅग, वॉल्ट्झ, नाचाची फिडलगतं, औषधं खपवायला फिरणाऱ्या वैदूंच्या खेळांतली विनोदी गाणी, चर्चची गाणी, आणि ब्लूजही. तबकडीने त्यातलं ब्लूज निवडून ठेवलं, बाकीचं बहुतेक सोडून दिलं. आज एखादा तंतुवाद्यांचा ताफा एकाच मैफलीत जग बँडचं ब्लूज आणि जुना रॅग शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा माझ्या मते तो मुळापासून दूर जात नाही. तबकडीपेक्षा तो मुळाच्या जास्त जवळ जातो.

संग्राहक : तुमच्या म्हणण्यात एक पेच आहे. तबकडीने ब्लूजच निवडलं म्हणता. पण मेम्फिस जग बँडने 1928 साली वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केले, कॅनन यांनी त्याच वर्षी ‘मॅडिसन स्ट्रीट रॅग’ केला. म्हणजे रॅग आणि वॉल्ट्झ होते हे तुम्हाला कळलं ते तबकडीवरूनच. आणि जे तबकडीवर नाही, ते आजचे तरुण कुठून आणणार? कल्पनेतूनच ना? मग त्याला कल्पना म्हणा, पुनरुज्जीवन म्हणू नका.

लेखक : पहिला भाग मान्य. तबकड्या अगदी मुक्या नाहीत. त्यांच्यातल्या फटींतून बाहेरचं दिसतं, आणि मी ज्या पुराव्यावर बोलतो आहे त्यातला बराचसा तुमच्यासारख्या लोकांनी जपला म्हणूनच उरला. पण पुरावा ऐकून जेवढा उलगडतो त्यापेक्षा वाजवून जास्त उलगडतो, असं मी म्हणतो, आणि त्याला आधार आहे. रॅग घ्या. स्कॉट जॉप्लिन यांचा ‘मेपल लीफ रॅग’ 1899 मध्ये मिसुरीतल्या सेडेलियात छापला गेला. तो लिहिलाय पियानोसाठी: सोळा सोळा मात्राखंडांचे चार निरनिराळे भाग, डाव्या हाताने सरळ ठेका, उजव्या हाताने त्या ठेक्याच्या मध्येमध्ये पडणारे स्वर. हे पियानोवरचं बांधकाम तंतुवाद्यांच्या ताफ्यात आलं की कामाची वाटणी करावी लागते. डावा हात गिटार आणि बुधल्याकडे जातो, उजवा हात मँडोलिन किंवा बँजोकडे. टेक्सासमधल्या डॅलस स्ट्रिंग बँडने 1927 मध्ये ‘डॅलस रॅग’ वाजवला, त्यात कोली जोन्स यांचं मँडोलिन कसं धावतं ते तुम्ही ऐकलंच आहे. ती वाटणी कोणत्या कारणाने तशी झाली, एखादा भाग का गाळला गेला, गत कुठे ओढली गेली, हे प्रत्येकाने आपापलं वाद्य हातात घेऊन चौघांनी एकत्र बसल्याशिवाय समजत नाही. वादन हीही अभ्यासाची एक रीत आहे. न्यूयॉर्कमध्ये 1963 च्या सुमारास जमलेल्या इव्हन डझन जग बँडमध्ये जोशुआ रिफकिन नावाचा संगीताचा एक विद्यार्थी होता. त्याने 1970 मध्ये जॉप्लिन यांच्या रॅगांची तबकडी काढली, संयत लयीत आणि लिहिल्याबरहुकूम. रॅग जोरात पळवू नये असं जॉप्लिन आपल्या छापील प्रतींवर बजावत असत. करमणुकीच्या पियानोवाल्यांनी ते कधीच धाब्यावर बसवलं होतं. रिफकिन यांच्या त्या तबकडीनंतर तीन वर्षांनी ‘द स्टिंग’ या चित्रपटातून जॉप्लिन घराघरांत पोचले आणि 1976 मध्ये, मृत्यूनंतर 59 वर्षांनी, त्यांना पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. जग बँडमध्ये वाजवल्यामुळेच रिफकिन जॉप्लिनपर्यंत पोचले असा दावा मी करत नाही. पण ज्या पिढीने बुधला आणि कझू हातात घेतले, तीच पिढी जुन्या कागदांतलं संगीत गंभीरपणे वाचायला बसली, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

आणि लांबीचा मुद्दा राहिलाच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास मावतात. नाचणारी माणसं तीन मिनिटांत थांबत नाहीत. जी गत प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा फिरवली जात असेल, तिचं तबकडीवर सुरुवात-मध्य-शेवट असलेलं आटोपशीर गाणं झालं. ताफ्याने ती गत नाचणाऱ्यांपुढे पंधरा मिनिटं वाजवली की तिचं वागणं पार बदलतं: गायक मागे सरतो, फिडल आणि मँडोलिन आळीपाळीने पुढे येतात, ठेका घट्ट होत जातो. ही कल्पना आहे, पण बेलगाम नव्हे. तिला तबकडीची चौकट आहे, वाद्यांच्या मर्यादा आहेत, आणि समोर पाय हलतात की नाहीत हा निकाल आहे.

संग्राहक : ठीक. वाजवण्यातून कळतं असं धरून चालू. पण कोणी वाजवलं, आणि पैसे कुठे गेले? 1963 च्या जानेवारीत रूफटॉप सिंगर्स या गोऱ्या तिघांनी म्हटलेलं ‘वॉक राइट इन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. ते गाणं कॅनन यांच्या ताफ्याने 1929 साली ध्वनिमुद्रित केलेलं. आणि खुद्द कॅनन, सुमारे ऐंशी वर्षांचा म्हातारा, मेम्फिसमध्ये त्या सुमाराच्या हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या पैशासाठी आपला बँजो गहाण टाकून बसला होता. नोआ लुईस 1961 मध्ये टेनेसीतच दारिद्र्यात गेले. थंडीने पाय गोठून ते सडले होते. विल शेड 1966 मध्ये गेले, तेही हलाखीतच. याच काळात बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये जिम क्वेस्किन यांचा जग बँड व्हॅनगार्ड कंपनीच्या तबकड्या काढत होता, आणि कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत जेरी गार्सिया आणि मित्रांचा जग बँड पुढे ग्रेटफुल डेड हा रॉक बँड होऊन लुईस यांची गाणी मोठमोठ्या सभागृहांत वाजवणार होता. संगीत जिवंत झालं म्हणता. माणसं मात्र मेली.

लेखक : या हकिकतीला उत्तर नाही, ती कबूल करूनच पुढे जावं लागतं. ज्यांनी हे संगीत घडवलं ते उपाशी आणि जे ते शिकले ते मंचावर, हा अन्याय होता. त्यावर ‘पण त्यांनी ते जगापुढे आणलं’ असा मलम लावणाऱ्यांची मला चीड येते. तरीही अन्याय नेमका कुठे झाला ते पाहिलं पाहिजे. तो झाला 1927 पासूनच्या करारांत, प्रकाशनहक्क वादकाच्या हातून जाण्यात, आणि वंशभेदावर उभ्या असलेल्या धंद्यात. हे गाणं पुन्हा कोणी गाऊच नये असं ठरलं असतं, तर कॅनन यांचा बँजो गहाण राहिलाच असता, फक्त ते कोणाला कळलं नसतं. संग्राहकांच्या व्यवहाराकडेही बघा. जुनी तबकडी एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाते, किंमत वाढत जाते, आणि त्या किमतीतला छदामही वाजवणाऱ्याच्या घरी जात नाही. ब्लूजचे अभ्यासक सॅम्युएल चार्टर्स 1950 च्या दशकात मेम्फिसला जाऊन शेड आणि कॅनन यांना भेटले, 1959 मध्ये ग्रामीण ब्लूजवर पुस्तक काढलं, जोडीला जुन्या ध्वनिमुद्रणांची एक तबकडीही काढली, आणि ‘वॉक राइट इन’ तिच्यातून नव्या गायकांच्या कानी पडलं. त्या गाण्याच्या यशानंतर 1963 मध्ये मेम्फिसच्याच स्टॅक्स कंपनीने कॅनन यांची लांब तबकडी काढली. त्यात बुधल्यावर विल शेड होते. दोघे जुने सोबती आणि प्रतिस्पर्धी, म्हातारपणी एका खोलीत ध्वनिमुद्रणाला बसले. हे घडलं ते पुन्हा गाणाऱ्यांमुळे. भरपाई म्हणून ते फार थोडं होतं, हे मी विसरत नाही. म्हणून पुन्हा वाजवणाऱ्या ताफ्यांकडे माझी मागणी साधी आहे: मूळ रचनाकाराचं नाव तबकडीवर आणि मंचावर घ्या, हक्काचे पैसे जिथे पोचवता येतील तिथे पोचवा, आणि जुन्या पिढीतलं कोणी हयात असेल तर त्याला मंचावर आणा, त्याचं मानधन तुमच्याइतकंच ठेवा. ही मागणी पाळणारे ताफे आहेत, न पाळणारे अधिक आहेत. न पाळणाऱ्यांमुळे वाजवणंच अवैध ठरवलं तर भोगतं कोण?

संग्राहक : ज्यांचं हे संगीत त्यांनीच ते सोडलं, याचा विचार तुम्ही करत नाही. 1940 च्या दशकात दक्षिणेतले कृष्णवर्णीय लाखांनी उत्तरेत गेले. शिकागोत त्यांना विजेवर वाजणारी गिटार हवी होती, ती वाजवणारा ब्लूजगायक मडी वॉटर्स हवा होता. बुधला, कझू, कपडे घासायची फळी मंचावर आली की त्यांना मिन्स्ट्रेल खेळ आठवायचे: तोंडाला काळं फासलेले गोरे नट, दात विचकणारा, दारूडा, आळशी ‘काळा’. कॅनन स्वतः वैदूंच्या खेळांतून वर्षानुवर्षं फिरले, त्यांच्या गाण्यांत तो वारसा आहेच. अपमानाची खूण म्हणून एका समाजाने जे टाकलं, ते पुन्हा उचलून हसतमुखाने वाजवणं यात तुम्हाला काही खटकत नाही?

लेखक : खटकतं. तुमच्या सगळ्या आक्षेपांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो, आणि बहुतेक पुनरुज्जीवनवाले याला बगल देतात. तेव्हा दोन गोष्टी सुट्या करून बघू. एक, बुधला ही गरिबीची मजबुरी होती का? काही ठिकाणी असेल. कॅनन यांनी पोरपणी पहिला बँजो म्हणे तळणीच्या भांड्यापासूनच बनवला होता. पण लुईव्हिलचे वादक मजबुरीने बुधला धरत नव्हते. तिथले क्लिफर्ड हेज हे कसलेले फिडलवादक होते; डिक्सीलँड जग ब्लोअर्स या नावाने त्यांच्या ताफ्याने डिसेंबर 1926 मध्ये ध्वनिमुद्रण केलं तेव्हा त्यात क्लॅरिनेटवर जॅझमधले नामवंत जॉनी डॉड्स होते. बुधला वाजवणारे अर्ल मॅकडॉनल्ड हे त्यांच्या शहरात नावाजलेले व्यावसायिक होते. हे वाद्य त्यांनी निवडलं होतं. दुसरं, मिन्स्ट्रेलचा वारसा गाण्यांत आहे म्हणून गाणी टाकून द्यायची का? कॅनन यांनी 1927 मध्ये बँजो जो या नावाने एक गाणं ध्वनिमुद्रित केलं, ते 1901 साली कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याबरोबर जेवले त्या घटनेवर. वरवर ते वॉशिंग्टन यांची टर उडवतं. पण कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे कृष्णवर्णीय माणूस ते गातो तेव्हा टर नेमकी कोणाची, हे इतकं सरळ राहत नाही. हे गाणं आज कोणत्याही ताफ्याने खुशाल म्हणावं असं मी म्हणणार नाही. काही गाणी सांगून-समजावून म्हणावीत, काही म्हणूच नयेत, आणि ते ठरवायला इतिहास वाचावा लागतो.

ते ठरवण्याचा एक नमुना कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्सनी घालून दिला. रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे 2005 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी भरलेल्या कृष्णवर्णीय बँजोवादकांच्या मेळाव्यात भेटले. मेबन गावचे वृद्ध फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी दर गुरुवारी जाऊन ते शिकले. ताफ्याचं नाव त्यांनी हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांच्या त्याच, दोन नावांनी विकलेल्या ताफ्यावरून घेतलं. फ्लेमन्स बुधलाही वाजवत. त्यांच्या 2010 च्या तबकडीचं नाव होतं ‘जेन्युइन नीग्रो जिग’. मिन्स्ट्रेल मंचावरचे प्रसिद्ध गोरे कलावंत डॅन एमेट यांच्याकडून या नावाने आलेली ती एक गत. या ताफ्याने तबकडीतल्या त्या गतीला मात्र ‘स्नोडन्स जिग’ हे नाव दिलं, ओहायोतल्या स्नोडन या कृष्णवर्णीय वादक कुटुंबावरून, कारण एमेट यांनी ज्यांच्याकडून घेतलं ते हेच लोक असावेत असं अभ्यासकांनी मांडलं आहे. त्या तबकडीला ग्रॅमी मिळालं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, अपमानाच्या मंचावरून एक गत खाली उतरवून तिच्या घरी परत पाठवता येते, हे त्यांनी वाजवून दाखवलं. तबकड्यांच्या संग्रहाला हे करता आलं नसतं, कारण स्नोडन कुटुंबाची तबकडीच नाही. आणि ज्यांचं त्यांनीच टाकून दिलं म्हणता, तर त्याच समाजातल्या तीन तरुणांनी ते परत मागितलं. ज्यांनी शिकागोत विजेची गिटार मागितली त्यांचा हक्क जितका, तितकाच यांचाही.

संग्राहक : त्यांना जो थॉम्पसन होते. जग बँडला कोण आहे? कॅनन 1979 मध्ये गेले. आज जो कोणी बुधला हातात धरतो, तो क्वेस्किन यांच्या ताफ्यातल्या फ्रिट्झ रिचमंड यांच्या पिढीकडून शिकला असेल, म्हणजे नकलेची नक्कल. नाहीतर माझ्या तबकडीकडूनच शिकणार. आणि तबकडी त्याला ओठ दाखवत नाही.

लेखक : रिचमंड यांची पिढी निव्वळ नकलेची होती असं मला वाटत नाही, ते वाद्य त्यांनी आयुष्यभर वाजवलं, आणि आयुष्यभर वाजवलेल्या वाद्याला आपली समज येतेच. ओठ दाखवणारा पुरावाही अगदीच नाही असं नाही. 1930 मध्ये फॉक्स मूव्हिटोनच्या कॅमेऱ्याने लुईव्हिलच्या व्हिसलर यांच्या जग बँडचं चित्रण केलं, त्यात बुधलेवाले वाजवताना दिसतात. पण तुमचा मुद्दा राहतोच: मेम्फिसच्या वादकांची रीत कोणी कोणाच्या हाती प्रत्यक्ष दिली नाही, आणि त्यातलं काही कायमचं गेलं. जे गेलं त्याच्या कडा मात्र शोधता येतात. कॅनन बुधला गळ्याभोवती खोबणीत अडकवून एकाच वेळी बँजोही वाजवत. म्हणजे एकाच माणसाच्या छातीतल्या हवेवर खर्ज अवलंबून, आणि त्याच माणसाच्या हातांवर बँजोचा ठेका. तबकडीवर बुधला कुठे गप्प बसतो आणि कुठे परत येतो ते तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल, आणि ती शैली आहे असं तुम्हाला वाटत असेल. बँजो हातात घेऊन, बुधला ओठांपुढे बांधून, ‘मॅडिसन स्ट्रीट रॅग’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू पाहणाऱ्यालाच समजेल त्यातला कोणता थांबा शैलीचा आहे आणि कोणता दम संपल्याचा. ते समजल्यावर तो दुसऱ्या थांब्याची नक्कल करणं सोडेल, आणि पहिल्याची जास्त काळजीने करेल.